ताशी ७०३ किलोमीटर, पण किती उंचीवर?

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर लढाऊ विमान उडवायच्या खेळात, नवा माणूस आला की आधी विमानांची यादी उघडतो आणि सगळ्यात मोठा आकडा शोधतो. मीही तेच केलं होतं. अमेरिकी पी-५१डी मस्टँगच्या नावापुढे कमाल वेग ताशी ७०३ किमी, आणि समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ जी-६ चा ६४०च्या आसपास. म्हणजे हवं तेव्हा गाठू, नको तेव्हा पळू, असं सोपं गणित मांडलं, टाक्या काठोकाठ भरल्या आणि उडालो. हजारेक मीटरवर चढत असताना खालून एक १०९ आलं. मी थ्रॉटल पुढे ढकलून चढत राहिलो. आरशातलं विमान लहान व्हायला हवं होतं, ते मोठंच होत गेलं. पुढचं सांगण्यासारखं नाही.

सिम्युलेटर खोटा नव्हता आणि आकडाही खोटा नव्हता. मी तो अर्धाच वाचला होता. पूर्ण वाचला तर तो असा आहे: सुमारे ७,६०० मीटर उंचीवर, प्रमाण हवामानात, ठरावीक वजन असताना, इंजिनाचा आणीबाणीचा जोर लावून (तोही पाचच मिनिटं लावायची परवानगी), सरळ सपाट उडत राहिलं, तर बऱ्याच वेळाने ताशी ७०३ किमी. समुद्रसपाटीजवळ हेच मस्टँग सगळा जोर लावूनही ६००च्या अलीकडेच अडकतं. विमानाच्या कामगिरीचा प्रत्येक आकडा म्हणजे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं. यादीत फक्त उत्तर छापतात आणि प्रश्न गाळतात. तो प्रश्न परत जागेवर कसा आणायचा, ते बघू. उदाहरणं बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची आहेत, कारण सिम्युलेटरवाल्यांचे सगळ्यात जास्त वाद त्यांच्यावरूनच होतात.

काटा काय मोजतो

वेगाचा घोळ कॉकपिटमध्येच सुरू होतो. वेगाचा काटा खरं म्हणजे वेग मोजतच नाही. पंखावर किंवा नाकाजवळ एक छोटी नळी पुढे तोंड करून बसवलेली असते, तिला पिटो नळी म्हणतात. तिच्यात घुसणाऱ्या हवेचा दाब काटा दाखवतो आणि तबकडीवर त्या दाबाच्या जागी वेगाचे आकडे छापलेले असतात. ही छपाई समुद्रसपाटीच्या हवेचा हिशोब धरून केलेली. वर हवा विरळ होते, तेवढाच दाब निर्माण करायला विमानाला जास्त वेगाने जावं लागतं, आणि काट्याला त्याची खबर नसते.

६,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ५४ टक्के असते. तिथे काटा ४०० दाखवत असेल तर विमान प्रत्यक्षात ताशी ५४५ किमीने चाललेलं असतं. १०,००० मीटरवर काट्याचे ३०० म्हणजे खरे सव्वापाचशेच्या थोडे अलीकडे. तोंडी हिशोब हवा असेल तर दर हजार मीटरला साधारण सहा टक्के वाढवा. मधल्या उंचीवर हे बरंच जवळ जातं.

मस्टँगच्या ७०३ कडे या नजरेने पाहिलं तर ७,६०० मीटरवर त्याच्या काट्यावर ४८०च्या आसपासचाच आकडा असतो. नवखा खेळाडू हे बघून सिम्युलेटर बिघडला असं समजतो. उलटंही होतं. खाली ५०० मीटरवर असलेला साथीदार 'माझा वेग ४५०' म्हणतो, तुम्ही सहा हजारांवरून 'माझाही ४५०' म्हणता, आणि दोघांच्या खऱ्या वेगात दीडशे किमीच्या आसपास फरक असतो.

मग काटा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पंखाला काट्याचाच वेग 'कळतो'. विमान काट्याच्या ज्या वेगाला खाली स्टॉल होतं (म्हणजे पंखांची उचल सुटून कोसळू लागतं), साधारण त्याच वेगाला वरही स्टॉल होतं. उतरताना, वळताना, पंख मोडायची भीती असताना काटा बघायचा. कोणाला गाठता येईल, कोणापासून पळता येईल, अमुक ठिकाणी किती मिनिटांत पोचू, हे प्रश्न खऱ्या वेगाचे. यादीतला कमाल वेग जवळजवळ नेहमी खरा वेग असतो, आणि तुमच्या समोरची तबकडी नेहमी दुसराच वेग दाखवते. सगळा गोंधळ तिथे होतो.

शिवाय एककं. स्पिटफायरच्या तबकडीवरचे ४०० म्हणजे मैल, किमीत ६४४. अमेरिकी नौदलाच्या विमानात नॉट असतात, एक नॉट म्हणजे १.८५२ किमी. चढाईचे १,००० फूट प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५.०८ मीटर. जर्मन कागदपत्रांतला अश्वशक्तीचा आकडा मेट्रिक असतो, ब्रिटिशांपेक्षा दीड टक्क्याने लहान मापाचा. मेसरश्मिट १०९ च्या डीबी ६०५ इंजिनाचे १,४७५ जर्मन अश्वशक्ती ब्रिटिश मापात १,४५५ भरतात. फरक किरकोळ आहे, पण आकडे समोरासमोर ठेवण्याआधी मापं एक करून घेतलेली बरी.

वेगाची रेघ सरळ नसते

आता मुख्य मुद्दा. कमाल वेग हा एक आकडा नसतो, ती एक रेघ असते. आडवा वेग आणि उभी उंची घेऊन आलेख काढला तर वेग जमिनीपासून वर वाढत जातो, एका उंचीला शिखर गाठतो आणि मग घसरतो. यादीत फक्त ते शिखर छापतात.

वेग वाढतो कारण विरळ हवेत अडथळा कमी होतो. घसरतो कारण इंजिनालाही तीच विरळ हवा खावी लागते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. साधं इंजिन तिथे धापा टाकू लागेल, म्हणून हवा दाबून आत कोंबणारा पंखा लावतात, तो सुपरचार्जर. हा पंखा कुठल्या उंचीसाठी जुळवलाय, यावर रेघेचा आकार ठरतो.

स्पिटफायर मार्क ९ मधल्या मर्लिन ६६ ला सुपरचार्जरचे दोन टप्पे आणि दोन गिअर होते. पहिल्या गिअरमध्ये वेग वाढत जातो, पंखा पुरा पडेनासा झाला की मागे यायला लागतो, मग दुसरा गिअर पडतो आणि वेग पुन्हा चढतो. आलेखावर करवतीच्या दात्यांसारखा आकार दिसतो. समुद्रसपाटीला ताशी ५४० किमीच्या आसपास, साडेसहा हजार मीटरवर ६५०. मधे एक खाच आहे. त्या खाचेच्या उंचीवर स्पिटफायर आपल्या लौकिकापेक्षा थोडा सुस्त असतो.

मेसरश्मिट १०९ च्या डीबी ६०५ इंजिनात पंख्याला गिअरऐवजी तेलावर चालणारी जोडणी होती. हवेच्या दाबानुसार ती पंख्याचा वेग आपोआप, हळूहळू वाढवत नेते. म्हणून त्याच्या रेघेला दाते नाहीत. आणि पी-४७ थंडरबोल्टने तर निकासाच्या गरम वायूवर फिरणारा टर्बो लावला, त्यामुळे त्याचं इंजिन फार वरपर्यंत दमतच नाही. साडेसहा टनांच्या घरातलं हे धूड खाली अगदी जड वाटतं, पण नऊ हजार मीटरवर ताशी ६९० किमीच्या पुढेमागे जातं. तिथे त्याच्या सोबतीला फार कोणी उरत नाही. याच्या उलट टोकाला सोव्हिएत याक-३ किंवा ला-५एफएन. पूर्व आघाडीवर लढाया बहुतेक खालच्या उंचीवर होत, तिथे ही विमानं भारी पडतात, आणि वर नेली की हवा निघून जाते.

म्हणून दोन विमानांची तुलना करताना त्यांची शिखरं बघू नका, दोन रेघा एकावर एक ठेवा. जिथे त्या एकमेकींना छेदतात ती उंची लक्षात ठेवा. त्या उंचीच्या वर एकाचं राज्य, खाली दुसऱ्याचं. ही एक सवय लावली तरी निम्मी लढाई विमान निवडतानाच होऊन जाते.

बूस्टचा आकडा मोठा म्हणून जोर मोठा नाही

इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तो प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने मोजत असे. ब्रिटिश विमानात बाहेरच्या प्रमाण दाबावर किती पौंड जास्त ते दाखवतात, अमेरिकी विमानात पाऱ्याचे इंच, जर्मन विमानात 'आटा' (१ आटा म्हणजे साधारण समुद्रसपाटीच्या हवेइतका दाब). ब्रिटिशांचा +१८ पौंड म्हणजे अमेरिकी ६७ इंच. जर्मन १.४२ आटा म्हणजे मात्र ४१ इंचच. मग जर्मन इंजिन दुबळं का? नाही. मर्लिनची घनक्षमता २७ लिटर, डीबी ६०५ ची ३५.७ लिटर. छोटं इंजिन जास्त दाबाने हवा कोंबतं, मोठं इंजिन कमी दाबावरच भरपूर हवा घेतं. शिवाय जर्मनांचं रोजचं इंधन ८७ ऑक्टेनचं, दोस्तांचं त्याहून बरंच चांगलं, त्यामुळे दोस्तांना दाब वाढवायला जास्त वाव होता. १९४४ मध्ये ब्रिटिशांनी १५० ग्रेडचं इंधन वापरून मर्लिनला +२५ पौंडांपर्यंत नेलं.

यातून सिम्युलेटरवाल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, बूस्टची तुलना एकाच इंजिनाच्या दोन अवस्थांत करायची, दोन देशांच्या इंजिनांत नाही. दोन, यादीतली कामगिरी कुठल्या जोरावर मोजली आहे ते आधी शोधायचं. आणीबाणीचा जोर पाच मिनिटं, लढाईचा जोर पंधरा किंवा तीस मिनिटं, सतत चालवायचा जोर पाहिजे तितका वेळ. काही सिम्युलेटरमध्ये ही मर्यादा ओलांडली की इंजिन थोड्याच वेळात दगा देतं. एका विमानाचा आणीबाणीचा वेग आणि दुसऱ्याचा लढाईचा वेग शेजारी ठेवून भांडणारे लोक मी कितीतरी पाहिलेत. कधीकाळी त्यांच्यात मीही होतो.

आणि हा जास्तीचा जोर जातो कुठे? वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा टक्के जास्त वेग हवा तर तेहेतीस टक्के जास्त ताकद लागते. त्यामुळे इंजिनाचा जोर १,५०० वरून १,७०० अश्वशक्ती केला, म्हणजे तेरा टक्के वाढवला, तरी कमाल वेग चारेक टक्क्यांनीच वाढतो. निराशा होते. पण चढाईत चित्र वेगळं असतं. चढाईच्या संथ वेगाला नुसतं हवेत टिकायला समजा ५०० अश्वशक्ती लागते. उरलेली ताकद विमानाला वर उचलते. ती आधी १,००० होती, आता १,२०० झाली. वीस टक्के वाढ! म्हणून जोर वाढला की आधी चढाई सुधारते आणि कमाल वेग मागून, रडतखडत येतो.

चढाईचा दर

सेकंदाला वीस मीटर असा आकडा दिसला तर तो बहुधा जमिनीलगतचा किंवा सगळ्यात अनुकूल उंचीवरचा असतो. वर जाल तसा तो कमी होतो आणि सेवा-उंचीला, म्हणजे विमानाच्या वापरायोग्य कमाल उंचीला, जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून 'पाच हजार मीटरला पोचायला किती मिनिटं' हा आकडा जास्त प्रामाणिक. त्यात सगळा रस्ता मोजलेला असतो.

दुसरं, हा दर एका ठरावीक वेगालाच मिळतो, तो बहुतेक पिस्टन लढाऊ विमानांत काट्यावर ताशी अडीचशे ते तीनशे किमीच्या मधे असतो. नाक आणखी वर करून २०० वर रेंगाळलात तर विमान उभं दिसतं, पण वर कमी जातं. माझ्या त्या मस्टँगचं हेच झालं होतं, आणि वर सातशे किलोपेक्षा जास्त पेट्रोलचं ओझं.

वळण: सगळ्यात जास्त गैरसमज इथे

'हे विमान वळणात चांगलं' या वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात: गोल किती लहान, फेरा किती सेकंदात, आणि तो किती वेळ टिकतो.

आधी पहिल्या दोन. ताशी ३०० किमी वेगाने ३ जी ओढून (म्हणजे पंखावर वजनाच्या तिप्पट भार घेऊन) वळलात तर गोलाची त्रिज्या २५० मीटर होते आणि फेरा १९ सेकंदांत पुरा होतो. आता ताशी ४०० किमीला ४ जी ओढा. त्रिज्या ३२५ मीटर, पण फेऱ्याला साडेअठरा सेकंदच. म्हणजे मोठ्या गोलात फिरणारं विमान किंचित आधी फेरा पुरा करतं! वेळेच्या शर्यतीत हे दुसरं पुढे. पण दोघं समोरासमोरून एकमेकांना ओलांडून एकमेकांच्या दिशेने वळले, तर लहान गोलवाला आतून येऊन नाक आधी रोखतो. दोघांपैकी 'चांगलं वळणारं' कोण, याचं उत्तर लढाईच्या आकारावर ठरतं.

तिसरी गोष्ट टिकण्याची. यादीतला फेऱ्याचा वेळ हा टिकाऊ वळणाचा असतो, म्हणजे उंची आणि वेग न गमावता अखंड फिरत राहता येईल असं वळण. समुद्रसपाटीजवळ महायुद्धातल्या बहुतेक लढाऊ विमानांचा हा वेळ १७ ते २५ सेकंदांच्या मधे येतो. ३,००० मीटरवर इंजिनही दमतं आणि हवाही विरळ, तोच फेरा कित्येक सेकंदांनी लांबतो. पण लढाईत पहिलं वळण क्वचितच टिकाऊ असतं. तुम्ही वेगात येता, काठी पोटाशी ओढता, आणि वेग खर्च करून काही सेकंद फार जोरात वळता. हे झटक्याचं वळण. त्याची मर्यादा यादीत नसते, पण काढता येते.

सरळ उड्डाणात विमान समजा काट्यावर १६० ला स्टॉल होतं. ४ जी ओढताना पंखावर चौपट भार येतो, तेव्हा स्टॉलचा वेग दुप्पट होतो, ३२० (भाराचं वर्गमूळ). ६ जी साठी ३९०च्या थोडं वर. म्हणजे ३९० पेक्षा कमी वेगाला तुम्हाला सहा जी मिळणारच नाहीत, ओढलंत तर विमान थरथरून कलंडेल. त्याहून जास्त वेगाला पंखाला जमेल, पण वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल आणि गोल उगाच मोठा होईल. पंखाची आणि माणसाची मर्यादा जिथे गाठ घेतात, तिथेच विमान सर्वांत झटपट वळतं. आयएल-२ ग्रेट बॅटल्ससारख्या सिम्युलेटरमध्ये स्टॉलचा वेग माहितीपत्रकात दिलेला असतो, त्यामुळे हे गणित तुम्हाला पाटीवर करता येतं.

आता फेऱ्यातल्या एका सेकंदाची किंमत काढू. एक विमान १९ सेकंदांत फिरतं, दुसरं २० सेकंदांत. दोघं गोलाच्या दोन टोकांना, कुणीच पुढे नाही. दुसऱ्याच्या दर फेऱ्यामागे पहिलं विमान एकोणीस अंश कमावतं. मागे येऊन नेम धरायला त्याला १८० अंश कमवायचे आहेत. म्हणजे साडेनऊ फेरे, तीन मिनिटांपेक्षा जास्त! तेही दोघांनी एकही चूक न करता. तोवर आणीबाणीचा जोर संपत आलेला असतो आणि तिसरं कोणीतरी वरून आलेलं असतं. म्हणून एखाद्या सेकंदाच्या फरकावरून विमान निवडू नये. तीन-चार सेकंदांचा फरक असेल तर मात्र गोलात शिरूच नये.

पंखावरचा भार, म्हणजे वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, हा आकडा लोक वळण ओळखायला वापरतात. मस्टँगचा चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास, १०९ जी-६ चाही जवळपास तेवढाच, स्पिटफायर मार्क ९ चा १५०, आणि जपानी झीरोचा ११०च्या आत. ढोबळ अंदाज येतो. पण १०९ च्या पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप बाहेर येणाऱ्या पट्ट्या होत्या, त्या स्टॉल पुढे ढकलतात. वजनाच्या मानाने इंजिन किती ताकदवान, हेही त्या भागाकारात येत नाही. टिकाऊ वळण पंख आणि इंजिन दोघांचं मिळून असतं.

शिल्लक

१९६०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाचा अधिकारी जॉन बॉइड आणि गणिती थॉमस क्रिस्टी यांनी हे सगळं एका कल्पनेत बांधलं. दर क्षणी विमानाच्या इंजिनाचा जोर आणि हवेचा अडथळा यांच्यात काही शिल्लक असते. शिल्लक धन असेल तर ती चढायला किंवा वेग वाढवायला वापरता येते. ऋण असेल तर उंची किंवा वेग मोडून खावा लागतो. शून्य असेल तिथे टिकाऊ वळण. वेग आणि वळणाचा दर यांच्या आलेखावर ही शिल्लक रेघांनी दाखवतात. दोन विमानांचे असे आलेख एकावर एक ठेवले की कुठल्या वेगाला कोणाशी भिडायचं, ते रंगवल्यासारखं दिसतं. जेट विमानांच्या सिम्युलेटरमध्ये, डीसीएस वर्ल्डसारख्या ठिकाणी, लोक हे आलेख घेऊनच बसतात.

पिस्टन विमानासाठी इतका खटाटोप नको असेल तर एवढंच करा: वेगाला उंचीत मोजा. ताशी ३०० किमी वेग म्हणजे ३५० मीटर उंचीइतकी ठेव. ताशी ६०० म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट, १,४०० मीटर. म्हणजे तुम्ही शत्रूपेक्षा ५०० मीटर खाली असलात, पण तुमचा वेग ६०० आणि त्याचा ३०० असेल, तर ठेव तुमचीच जास्त आहे. कॅमेऱ्यातून 'वर' दिसणारं विमान प्रत्यक्षात नादार असू शकतं.

वजन, रोल आणि सूर

वजनाबद्दल यादी बहुतेकदा गप्प असते. मस्टँगच्या आतल्या टाक्यांत १,०१८ लिटर पेट्रोल मावतं, स्पिटफायर मार्क ९ च्या टाक्यांत ३८६. दोघांना 'फुल टँक' घेऊन लढवणं म्हणजे एकाच्या पाठीवर पोतं टाकून शर्यत लावणं. त्यातही मस्टँगची ३२२ लिटरची टाकी वैमानिकाच्या मागे होती. ती भरलेली असेल तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि काठी ओढली की विमान हवं त्यापेक्षा जास्त वळू पाहतं. म्हणून युद्धात वैमानिक ती टाकी आधी रिकामी करत. सिम्युलेटरमधल्या अर्ध्या तासाच्या लढाईला चाळीस टक्के पेट्रोल पुष्कळ होतं.

रोलचा दर, म्हणजे विमान डावीउजवीकडे किती झटपट कलतं, एका आकड्यात कधीच सांगता येत नाही, तो वेगाबरोबर बदलतो. अमेरिकेच्या 'नाका' (NACA) या सरकारी विमान-संशोधन संस्थेच्या १९४७ साली निघालेल्या ८६८ क्रमांकाच्या अहवालात वेगवेगळ्या विमानांच्या रोलच्या रेघा एका आलेखात आहेत. त्यात जर्मन फोके-वुल्फ १९० ताशी ४०० किमीच्या आसपास सेकंदाला १६० अंशांपर्यंत जातं. १९४२ मध्ये अल्यूशियन बेटांवरच्या अकुतान इथे सापडलेलं झीरो अमेरिकनांनी दुरुस्त करून उडवलं, तेव्हा कळलं की वेग वाढला की त्याचे आयलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) इतके जड होतात की पीळ द्यायलाच वेळ लागतो. मुंगीसारखं वळणारं विमान वेगात आलं की लाकडाचं होतं! सिम्युलेटरमध्ये तुमच्या जॉयस्टिकला हा जडपणा जाणवत नाही, आतला कल्पित वैमानिक मात्र आपली ताकद संपल्यावर थांबतो. 'काठी पूर्ण डावीकडे आहे तरी विमान हलत नाही' ही तक्रार बहुतेक इथलीच.

सूर मारण्याची मर्यादा काट्यावरच्या वेगात देतात, पण उंचावर तिच्या आधी दुसरी भिंत लागते, ती ध्वनीच्या वेगाची. पी-३८ लायटनिंगला ध्वनीच्या वेगाच्या ०.६८ पटीलाच त्रास सुरू व्हायचा. नऊ हजार मीटरवर हे म्हणजे ताशी ७४५ किमी. सुराला सुरुवात केली की काही क्षणांत तिथे पोचलातच, आणि काठी ओढून नाक वर येईना. पुढे १९४४ मध्ये पंखाखाली खास पट्ट्या बसवल्यावर हा प्रश्न आटोक्यात आला. स्पिटफायरचा पातळ पंख मात्र ब्रिटनच्या फार्नबरो संशोधन केंद्रातल्या चाचण्यांत ०.९ च्या आसपास टिकला.

आकडे येतात कुठून

ऐतिहासिक आकड्यांतही मेळ नसतो, आणि त्याला कारणं आहेत. जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेंब्री तळावर फोके-वुल्फ १९० घेऊन उतरला. ब्रिटिशांनी ते उडवून स्पिटफायर मार्क ५ शी तुलना केली. फोके-वुल्फ सगळ्या उंचीवर वेगवान आणि रोलमध्ये सरस, स्पिटफायर फक्त वळणात वरचढ, असा निष्कर्ष निघाला. अशा चाचण्या अमूल्य आहेत, पण त्या शत्रूच्या एका विमानाच्या आहेत. पकडलेल्या विमानाचं इंजिन नीट लागलं का, योग्य इंधन मिळालं का, हे प्रश्न राहतात. उलट कारखान्याच्या कागदांत कधी मोजलेले, कधी नुसते गणिताने काढलेले आकडे असतात. सिम्युलेटर बनवणारे यातूनच निवड करतात. त्यामुळे दोन सिम्युलेटरमध्ये एकच विमान थोडं वेगळं वागलं, तर लगेच कोणाला खोटारडा ठरवायचं कारण नाही.

शंका असेल तर स्वतः मोजा, एक संध्याकाळ पुरते. मोकळी मोहीम घ्या, तापमान १५ अंश, दाब ७६० मिलिमीटर, वारा शून्य. पेट्रोल ५० टक्के. रेडिएटरच्या झडपा कशा ठेवल्यात ते लिहून ठेवा, त्या उघड्या राहिल्या तर ताशी वीस-तीस किमी सहज जातात. एक उंची निवडा, विमान सपाट धरा आणि काटा दोन मिनिटं जागचा हलत नाही तोवर थांबा. बहुतेक लोक इथेच घाई करतात. शेवटचे दहा किमी यायला अर्धा वेळ लागतो. मग हजार-हजार मीटर वर जाऊन तेच करा आणि वहीत तुमची स्वतःची रेघ काढा. हिवाळी नकाशावर उणे पंधरा अंशांत हे केलंत, तर हवा अकरा टक्क्यांहून जास्त दाट असते आणि कुठलाच आकडा पत्रकाशी जुळणार नाही.

माझ्या वहीत मस्टँग आणि १०९ च्या दोन पानांवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. वेगाच्या पानावर त्या कुठेच छेदत नाहीत, मस्टँग सगळीकडे पुढे. चढाईच्या पानावर खालच्या निम्म्या भागात १०९ ची रेघ वर. त्या दिवशी मी कुठल्या पानावर उडत होतो, ते आता दिसतं.